कापूस, ढग आणि मामांचं शेवटचं रीळ

आमच्या हिच्या मामांइतके कमी फोटो काढणारा फोटोग्राफर अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. छत्तीस फोटोंचं एक रीळ त्यांना वर्षभर पुरायचं, आणि तरीही यंदा जरा उधळपट्टीच झाली म्हणून ते हळहळायचे. अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. पण जीव जडला तो स्लाइडच्या रंगीत फिल्मवर. या फिल्मला निगेटिव्ह नसते. रीळ धुतलं की पारदर्शक चौकोन हाती येतात, ते प्रोजेक्टरमध्ये घालून भिंतीवर पाहायचे. रंग असे, की जास्वंद दिसली की हात आपोआप पुढे जातो. मात्र उजेडाचा अंदाज केसभर चुकला तर मागाहून काहीही करता येत नाही. मामांना नेमकं हेच आवडतं. "मोबाइल माफ करते जवाईबापू, हे नाई करत," असं ते अभिमानाने सांगतात.

रिळं थंडाव्यात टिकतात म्हणून ती फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी असायची. एका पाहुण्याने पेढे समजून डबा उघडला, तेव्हापासून मामींनी त्यावर 'हे खायचं नाही' अशी चिठ्ठी डकवली होती. अकोल्याला माझ्या मेहुणीच्या लग्नात तर मामांनी मांडवाकडे पाहून जाहीर केलं, की कापड लाल असल्यामुळे नवरा-नवरी दोघंही टमाट्यासारखी येतील, तेव्हा मुहूर्तापुरतं तेवढं वरचं कापड सोडता येईल का? माझ्या सासूबाईंनी भावाशी दिवाळीपर्यंत अबोला धरला. त्या लग्नाची मामांकडे एकच स्लाइड आहे, मांडवाबाहेरच्या केळीच्या खांबाची. खांब अप्रतिम आलाय.

पण त्यांना खरं छळलं ते कापसानं. काळ्या जमिनीवर फुटलेला पांढरा कापूस एकाच स्लाइडवर धरायचा, हा त्यांचा हट्ट. कापसाला जपावं तर जमिनीचा कोळसा होतो, जमिनीला जपावं तर कापसाचे नुसते पांढरे डाग. कित्येक हंगाम असेच गेले. मागच्या वर्षी, मुंबईचे जे गृहस्थ त्यांची रिळं धुऊन देत, त्यांनी कळवलं की आता थकलो, काम बंद करतोय, काय असेल ते लवकर पाठवा. फ्रिजमध्ये एकच रीळ उरलं होतं.

मी गाडी काढली. दर्यापूरच्या रस्त्याला ओळखीच्यांचं शेत होतं. वर्षाला एक रीळ वापरणाऱ्या माणसाने दोन सकाळींत पस्तीस फोटो संपवले. तिसऱ्या दिवशी एकच उरला. त्या दिवशी मामीही आल्या, म्हणाल्या, हे तिथे काय करतात ते तरी पाहू. ऊन कडक होतं. ते जरा मऊ व्हावं म्हणून मामांना सूर्यावर एक पातळ ढग हवा होता, पण आभाळ धुतल्या परातीसारखं स्वच्छ होतं. तास गेला, दीड तास गेला. कापूस वेचणाऱ्या बाईने मामींना विचारलं, "मालक काय पाहून राह्यले वो?"

"ढगाची वाट पाहून राह्यले," मामी म्हणाल्या आणि डोक्यावर पदर घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या.

शेवटी ढग आला. ऊन मऊ झालं. मामांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि मी पाहिलं, कॅमेऱ्याचं तोंड हळूच धुऱ्याकडे वळलं.

"अवो, कापूस तिकडे हाय," मामी म्हणाल्या.

"मले ठाऊक हाय. हालू नको."

महिन्याभराने स्लाइडी आल्या. दुपारी खिडक्यांना चादरी लावून आम्ही पाहायला बसलो. पस्तीस वेळा कोळसा नाहीतर डाग. मामा एकेका स्लाइडला मान हलवत होते. मग भिंतीवर मामी आल्या: पदराच्या सावलीतला गव्हाळ चेहरा, कपाळावरच्या बारीक आठ्या, केसात अडकलेला कापसाचा धागा. मागचं शेत धूसर आलं होतं. त्याकडे मामांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मी इतकी म्हातारी कवा झाली वो?" मामी म्हणाल्या. प्रोजेक्टरच्या दिव्यासमोर फार वेळ राहिली तर स्लाइडचा रंग उडतो, हे मामांइतकं कुणाला ठाऊक असणार?

"आता पुढची दाखवा ना," मामींनी घाई केली.

"पुढची नाई," मामा म्हणाले, आणि दिवा तसाच राहू दिला.