कमी-जास्त किती?

"कमी-जास्त किती?"

येलहंक्यातल्या आमच्या इमारतीत कोणीही कसलाही आकडा उच्चारला की अण्णांचा हा प्रश्न ठरलेला. टँकर दहा मिनिटांत येतोय म्हणा, मुलीला ताप शंभर आहे म्हणा. त्यात चूक किती असू शकते हे सांगितल्याशिवाय त्यांच्या लेखी तो आकडाच नव्हे. असा माणूस तुमच्याही शेजारात असेल. आपण त्याला टाळतो आणि मनातून मानतो.

अण्णांचं घराणं मराठी, पण तीन पिढ्या बेंगळुरात. एका सरकारी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासण्याच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी झाली. उपकरण तपासायचं आणि त्यातली चूक चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवायची, ही तिथली रीत त्यांनी निवृत्तीनंतरही सोडली नाही. जिन्यातल्या घड्याळावर "दीड मिनिट पुढे". फाटकाजवळच्या थर्मामीटरवर "०.४ वजा करा".

भाजीवालीचा काटाही सुटला नाही. "अक्का, स्वल्प कमी भरतंय. नऊ ग्रॅम." ती "सरी, अण्णा", म्हणजे बरं, असं म्हणून दोन घेवडे जास्त टाकायची आणि त्यांची पाठ वळली की चिठ्ठी काढायची.

मीही आकड्यांतला माणूस, त्यामुळे आमचं जमायचं. एकदा विचारलं, "एम.एस्सी. फिजिक्स करून तुम्ही त्या खोलीत कसे?"

"संशोधन करायचं होतं. घरी अडचण होती. दोन वर्षांसाठी म्हणून लागलो." मग चष्मा पुसत म्हणाले, "कमी-जास्त बत्तीस."

मी हसलो होतो.

माझ्या मुलीला शाळेत असताना लोलक मोजायला त्यांनीच शिकवलं. एक झोका कधी मोजायचा नाही. वीस मोजायचे आणि वीसने भागायचं. बारावीनंतर ती म्हणाली, फिजिक्सच करणार. हातात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची जागा होती आणि ती स्वीकारायला सोमवारी चारपर्यंत मुदत. मी कागदावर हिशेब मांडला: फिजिक्समध्ये पक्की नोकरी लागेपर्यंत अकरा वर्षं. शनिवारी तो कागद घेऊन अण्णांकडे गेलो.

"कमी-जास्त किती?"

"ते मला माहीत नाही. पण ती तुमचं ऐकते. फिजिक्समध्ये काही नाही, एवढं तुम्ही तिला सांगा."

त्यांनी कागद दोनदा वाचला. "सरी," म्हणाले.

रविवारी सकाळी ते आमच्याकडे कॉफीला आले. कपाकडे बघत तिला म्हणाले, "फिजिक्समध्ये काही नाही बाळ. अकरा वर्षं जातात. ती जागा घे."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कमी-जास्त किती, अण्णा?"

इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. त्यांनी कप खाली ठेवला.

"हा आकडा मी मोजलेला नाही," ते म्हणाले. "मला दिलेला आहे."

आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेले.

ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त थांबली, मी काहीतरी बोलेन म्हणून. सोमवारी साडेतीनपर्यंत थांबली. तेव्हा मी म्हणालो, "आधी ही डिग्री घे. दोन वर्षं नोकरी कर. मग हवं ते शीक." तिने जागा स्वीकारली.

त्यानंतर अण्णा जिन्यात भेटायचे, हवापाण्याचं बोलायचे. पण माझ्या कुठल्याही आकड्यावर त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. गेल्या वर्षी ते गेले. घड्याळ नवीन आलं, चिठ्ठी गेली. थर्मामीटर तेवढा राहिला.

मुलीच्या नोकरीचं हे तिसरं वर्ष. इंदिरानगरला नेणारी ऑफिसची गाडी आमच्या फाटकाशी येते. रोज सकाळी, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन, ती थर्मामीटरसमोर थांबते. चिठ्ठीवरची शाई आता पुसट झाली आहे, पण तिचे ओठ हलतात. मी गॅलरीतून बघतो. ती शून्य पॉइंट चार वजा करते आणि गाडीत बसते.