लेगिंगला फॉल

टेलरच्या दुकानात चिंध्या साठतात तसे किस्से साठतात. चिंध्या निदान पोत्यात भरून गादीवाल्याला देता येतात. किस्से कुणाला देणार? म्हणून सांगतो. ऐकायचं तर ऐका, नाहीतर स्टूल मोकळं करा, गिऱ्हाइकाला बसायला लागतं.

मी चौथीतनं शाळा सोडली आणि कात्री धरली. जन्मभर जेंट्स पँटी शिवल्या. कळंब्याच्या रस्त्याला आमचं दुकान. दुकानाच्या मागं पडदा, पडद्यामागं घर. आता पँटी शिवून कोण घेतंय? ज्याला त्याला तयार पाहिजे, मग ती ढुंगणावर बसो न बसो. म्हणून पुढचा भाग सुनेनं घेतला. सून म्हणजे पूनम. पोरगा फौंड्रीत, ही दुकानात. तिनं लेडीज माल ठेवला, आणि त्यातच एक दिवस ती फ्लेअर लेगिंग आली. मांडीला चिकटलेली, गुडघ्याखाली घंटेसारखी फाकलेली!

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरनं जाईल. आमची ही, शालन. रोज सकाळी कळंबा तळ्यावर चालत जायची, पाऊस असो नाहीतर थंडी. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "आता चाला. जेवढं चालाल तेवढा गुडघा तुमचा." पण घरी आल्यावर साडीचा घोळ वॉकरखाली आला, उंबऱ्यातच तोल गेला. पडली नाही, पूनमनं धरलं. पण भीती बसली ती बसलीच. त्या दिवसापासून बाईनं उंबरा ओलांडला नाही. कॉटवरनं मोरीपर्यंत, मोरीपासनं कॉटवर. गाऊन घालून रस्त्यावर जाणार नाही. सलवारीची नाडी नको. "तळं हाय तिथंच हाय," म्हणायची, "मला बघायला यायचं न्हाय त्ये."

आणि गप्प झाली. घरात मला भांडायला माणूस उरलं नाही. आता ऐका पुढं.

*

पूनमनं पहिली लेगिंग स्वतःसाठी ठेवली. धुऊन दोरीवर वाळत घातलेली मी बघितली. म्हटलं, अरे, हे तर बेलबॉटम! आमच्या उमेदीत कॉलेजची पोरं असल्याच पँटी शिवून घ्यायची आणि रस्ता झाडत जायची. मीच शिवून दिल्यात. पण हिला क्रीज कुठं आहे? सून बाहेर निघणार आणि पँट अशी लोळलेली?

गरम इस्त्री घेतली, ओला फडका घेतला, पुढं-मागं कडक क्रीज पाडली. इतकी सरळ क्रीज मी नवरदेवाच्या पँटीला पाडली नसेल. थोडं कापड इस्त्रीला चिकटून आलं, ते सोडा. तो कापडाचा दोष.

पूनमनं लेगिंग हातात धरली. ती कोयत्यासारखी ताठ. दुसरी सून असती तर माहेरची पिशवी भरली असती. ही म्हणाली, "मामा, ही आता घालायची, का भिंतीला टेकून उभी करायची?"

पडद्यामागं खुसखुस झाली. ऑपरेशनानंतर पहिल्यांदा!

मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय म्हणालीस गं? ऐकाय न्हाय आलं."

पूनम हुशार. तिनं परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

*

जाधवबाई आमचं जुनं गिऱ्हाईक. हायस्कूलात शिकवतात. एकदा साडी स्कुटीच्या चाकात जाता जाता वाचली, तशाच तडक दुकानात आल्या. "पूनम, मला दिवसभर उभं राहायचं असतं. जिने चढायचे, फळा पुसायचा, परत स्कुटी. काहीतरी सुटसुटीत दे. पण शाळेत जायचंय बाई मला, बागेत न्हाय!"

पूनमनं काळी लेगिंग काढली. "बाई, ह्याच्यावर गुडघ्याच्या खाली येणारा सुती कुर्ता घाला. सरळ, दोन्ही बाजूला कट. खाली घेर हाय तर वर घेर नको, न्हाईतर तंबू दिसंल. आखूड कुर्ता रविवारी. ओढणी नको, पातळ स्टोल एका खांद्याला पिन लावून. अन् लेगिंगची कड जमिनीपासनं दोन बोटं वर पाहिजे. जिन्यात टाचंखाली याय नको."

मी म्हटलं, "ही दोन बोटं मी बेलबॉटमवाल्यांना सांगून सांगून थकलो."

माझं कुणी ऐकलं नाही. दुकान माझं, मशीन माझं, पण ऐकायचं पूनमचं.

काही दिवसांनी एक गृहस्थ आले. चष्मा, शर्ट इन केलेला, पोटाखाली करकचून पट्टा. मी ओळखलं, जाधवबाईंच्या शाळेचे हेडमास्तर. मनात म्हटलं, आली तक्रार. कात्री हातात घेतली. भांडताना हातात कात्री असली की बरं पडतं.

साहेबांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. पूनम आत गेलेली बघून माझ्या कानाशी आले.

"जाधवबाई शेवटच्या तासालासुद्धा हसतमुख असतात हो. आमच्या कमरेला पट्ट्याचे वळ उठलेत. ते... जेंट्समध्ये येतं का?"

*

पूनमचं माहेर चंदगडकडं. तिकडं पाऊस पडत नाही, राहायला येतो. ऐन पावसाळ्यात ही एसटीनं निघाली, अंगात नवी कोरी फिकट लेगिंग. मी म्हटलं, "पोरी, पावसात गडद रंग घाल, अन् कड चांगली वर दुमड. तिकडं रस्ता शोधाय लागतोय."

"मामा, स्टँडवर भाऊ गाडी घेऊन येणाराय."

भाऊ आला नाही. पोरगी चिखल तुडवत घरी पोचली. कापड गुडघ्यापर्यंत तांबडं. दारातनं स्वयंपाकघरापर्यंत पांढऱ्या फरशीवर दोन पट्टे ओढत गेली. तिच्या आईनं एकदा फरशी बघितली, एकदा लेक बघितली.

"काय गं, सासरी फरशी पुसाय फडकं न्हाय व्हय? तुलाच फिरवत्यात?"

हे पूनमनं परत आल्यावर स्वतःच सांगितलं, शालनच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. दोघी हसल्या. मग शालननं हळूच विचारलं, "वाळाय किती येळ लागला गं?"

"लगीच वाळली, आत्ती. पंख्याखाली टाकली अन् जेवाय बसलो. जेवण होईस्तवर वाळली."

"आस्सं. अन् पोटाला काचती काय?"

"न्हाय ओ. नुसतं रुंद इलॅस्टिक हाय."

"आस्सं."

मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता, पण वाचत होतो.

*

माझी धाकटी बहीण वच्छी. कसबा बावड्याला दिली आहे. घरी म्हशी, थोडा ऊस आणि तोंड आमच्या घराण्याचं. तिनं पूनमकडनं एक लेगिंग नेली. वर काय घातलं? नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट! म्हणाली, "उसाचं पान हाताला कापत न्हाय, वैरण कापाय वाकलं तर पाठ उघडी पडत न्हाय. आमच्या ह्यास्नी तरी तो शर्ट कुठं शोभत होता?"

आता गोठ्यात तो खालचा घेर भिजणार. मग वच्छीनं काय करावं? घेर गुंडाळला आणि प्रत्येक पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. एक तांबडा, एक हिरवा. एक दिवस धारा काढायला उशीर झाला, तशीच कॅन घेऊन डेअरीला पळाली. चिमटे पायालाच! रांगेतल्या बायका बघतात, खालनं वर बघतात. वच्छीला वाटलं, शर्ट बघत असतील.

दुसऱ्या दिवशी वच्छी चिमटे काढून गेली. बघते तर पुढं एक बाई चिमटे लावून उभी!

"दादा, लेगिंगला न्हवं रं," वच्छी दुकानात पोट धरून सांगत होती, "साडीला लावून आलती! नवीन फॅशन म्हणं!"

पडद्यामागं शालन इतकी हसली की तिला ठसका लागला. वच्छी तशीच पडदा सारून आत गेली.

"वैनी, मी म्हशीत घालतीया. तुला तळ्यावर घालाय काय झालं?"

"मी काय पोरगी हाय?"

"पोरगी असतीस तर गुडघा कशाला बदलला असतास?"

बहीण माझी आहे म्हणून सांगत नाही, पण बोलावं तर वच्छीनं.

*

पूनमनं मोठ्या मापाची एक लेगिंग काढली. गडद जांभळी. "घाला" म्हणाली नाही. नुसती कॉटवर ठेवली आणि जाताना भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "खालनं रुंद हाय. गुडघा न वाकवता पाऊल आत जातंय."

दुपारी शालननं तिचा डबा मागितला. साडीला फॉल लावायचा डबा. सबंध गल्लीच्या साड्यांना हिनं फॉल लावलाय. ऑपरेशनापासनं तो डबा उघडला नव्हता. मला वाटलं, कुणाची साडी आली असेल. बरं झालं, जीव रमेल.

संध्याकाळी बघतो तर काय! बाईनं लेगिंगच्या दोन्ही पायांना आतनं साडीचा फॉल लावलेला! रंग मिळवून, हातानं, बारीक टाका.

पूनमनं तोंडावर हात घेतला. माझ्याच्यानं राहवलं नाही. "अगं, लेगिंगला फॉल? उद्या बनियनला पदर लावशील!"

पूनम हसली, मी हसलो, फोनवर वच्छीला सांगितलं तर ती हसता हसता म्हशीला धडकली म्हणे. शालन हसली नाही. दातानं दोरा तोडला.

"घेर उडतोय, मग पायात येतोय. फॉल असला की कापड गप खाली बसतं. तुमी तुमच्या पँटी शिवा की!"

कित्येक दिवसांनी माझ्यावर ओरडली. मला इतकं बरं वाटलं!

मग तिनं ती घातली. वर पूनमचा सैल सुती कुर्ता, आणि त्यावर माझी बंडी. माझी! का, तर "खिसा हाय, रुमाल ऱ्हातोय." कपाटाच्या आरशापुढं उभी राहिली. पुढनं बघितलं, वळून मागनं बघितलं. वॉकर बाजूला होता.

"लांबनं साडीच वाटतीया की," म्हणाली.

मी दुकानात आलो आणि पूनम लेडीज मालाची मापं कमी-जास्त करायला बसते त्या मशीनला तेल घातलं. आभार-बिभार मला बोलता येत नाहीत. तेल घालता येतं. जरा जास्तच पडलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी तिच्या पहिल्याच कापडावर डाग पडला. दुसरी कुणी असती तर आदळआपट केली असती.

ही म्हणाली, "मामा, पोचलं बरं का. आता फडकं घ्या अन् पुसा."

*

त्यानंतर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत, असं करत करत एका सकाळी शालन म्हणाली, "आज तळ्यावर."

तिच्या हातात काठी, माझ्या हातात घडीचं स्टूल. वाटेत दमली तर बसायला. उंबरा तिनं काठी टेकून ओलांडला. मागं पूनम दारात हात पुढं करून उभी, पण धरलं नाही. धरायची वेळच आली नाही.

मी दर खांबाला विचारायचो, "बसतीस?"

"गप चला."

तळ्यावर वारं सुटलेलं. पुढं एक कॉलेजची पोरगी, तशीच फ्लेअर लेगिंग घातलेली. वाऱ्यानं तिचा घेर फडफड करत पायात गुंडाळला, पोरगी अडखळली, वाकून कापड सोडवत बसली. शालन थांबली. पोरीचा घेर बघितला. मग स्वतःचा बघितला. सरळ, गप, खाली बसलेला. मग माझ्याकडं बघितलं.

"फॉल," म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि चालायला लागली.

बंधाऱ्यापाशी मला दम लागला. मी म्हटलं, "बस आता जरा." तिनं माझ्या हातातनं स्टूल घेतलं, उघडलं, हलतंय काय ते हातानं दाबून बघितलं आणि म्हणाली, "बसा तुमी. मी त्या टोकाला जाऊन येती."

मी बसलो. ती निघाली. माझी बंडी, पूनमचा कुर्ता, खाली जांभळा घेर, डुलत डुलत, लहान लहान होत गेली.

रोज फिरायला येणारे एक ओळखीचे गृहस्थ थांबले. "काय टेलर, सकाळी सकाळी तळ्यावर स्टूल टाकून? कुणाची वाट बघताय?"

"बायकोची."

"कुठं गेल्यात?"

म्हटलं, "चालाय."