प्रतीक्षाची पूड

लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या कारखान्यात शालन अकरा वर्षं शेंगदाणे भाजत होती, आणि तिच्या प्रतीक्षाला मात्र शेंगदाण्याचा कणही सोसत नव्हता. अंगावर गांधी उठायच्या, श्वास अडकायचा. कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय शालन लेकीला जवळ घेत नसे.

पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तिला शेंगदाण्याचीच पूड द्यायची. आधी अगदी कणभर, मग हळूहळू वाढवत. शरीराला सवय होते. पण वाढवायची ती माझ्यासमोरच."

"ज्यानं जीव जातो तेच चारायचं व्हय?" शालन म्हणाली. तरी ती तयार झाली.

पहिल्या दिवशी पूड दिल्यावर दवाखान्यात दोन तास थांबायचं होतं. शालन येरझाऱ्या घालत सारखी लेकीचे ओठ बघत होती.

"आई, बस की गं!" प्रतीक्षा वैतागली.

पाऊण तासाने तिच्या मानेवर चट्टे उठले. डॉक्टरबाईंनी औषध दिलं, चट्टे उतरले. घरी जाताना शालनला वाटलं, पुन्हा यायलाच नको. पण ती येत राहिली.

वर्षभराने शाळेतून फोन आला. प्रतीक्षाने मैत्रिणीच्या डब्यातली कूट घातलेली भाजी चुकून खाल्ली होती. शालन कामावरून तशीच धावत गेली.

"नुसते ओठ खाजतायत," प्रतीक्षा हसत म्हणाली.

शालनने तरी तिला तडक रिक्षात घातलं आणि गावातला जवळचा दवाखाना गाठला.