उरलेल्या गोळ्या

शेजारच्या काकू रिपोर्ट घेऊन दारात उभ्या होत्या. लघवीत जंतू निघाले होते. नेहमीच्या गोळ्या या जंतूंवर चालणार नाहीत, अ‍ॅडमिट होऊन इंजेक्शनं घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

करोनात डॉक्टरांच्या एकाच चिठ्ठीचा फोटो आमच्या अख्ख्या इमारतीत फिरला. ताप आला की तीच अँटिबायोटिक. विषाणूवर ती चालतच नाही, पण काहीतरी घेतल्याचा धीर यायचा. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या शेजारी द्यायच्या. आम्ही गोळ्या वाटत होतो, तेव्हा जंतू आपसात त्या पचवायची युक्ती वाटत असणार. तेही शेजारधर्म पाळतात.

"दवाखाना नको गं," काकू म्हणाल्या. "मागे दिली होतीस त्यातली एखादी उरलीय का?"

फ्रिजवरच्या गोळ्यांच्या डब्याकडे न बघता मी काकूंना दवाखान्यात न्यायला चपला घातल्या.