परत मिळालेला कर

वेणूबाई गेल्या हे मला पोस्टमनकडून कळलं. नंदुरबारच्या आमच्या मुलींच्या शाळेत टपाल देऊन तो नेहमीसारखा वळला नाही, दारातच घुटमळला. "बाईंचं एक पत्र होतं. द्यायला गेलो तर शेजारीण रडत होती..." तीन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भेटायला जायचं मी ठरवलं होतं, आणि पेपर तपासायचे राहिलेत म्हणून गेले नाही. आज सहा आठवडे झाले, तरी ते पेपर डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आम्ही दोघींनी अठरा वर्षं एका शाळेत शिकवलं. त्या गणित, मी मराठी. त्यांचे यजमान रेल्वेत कारकून होते. ते तरुणपणीच गेले. मागे ठेवलं ते एवढंच : एक मुलगी, कुसुम, आणि थोडे सरकारी कर्जरोखे. दर सहामाहीला बाई कचेरीत जाऊन रोख्यांचं व्याज घेत. त्यातून प्राप्तिकर आधीच कापलेला असे. पैशांबरोबर कापलेल्या कराची एक छापील चिठ्ठी मिळे. ती बाई घडी करून डब्यात टाकत. सरकारनं कापलं म्हणजे गेलं, असंच त्या समजत होत्या. आम्ही सगळेच तसं समजत होतो.

कुसुम हुशार. तिला शिक्षिका व्हायला ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं. नाव लागलं, प्रवेशाचं पत्रही आलं. पण फी आणि राहण्याचा खर्च मिळून पैसे थोडेसे कमी पडले. बाई कुणापुढे हात पसरणाऱ्या नव्हत्या. कुसुमचं लग्न झालं, आणि दुसऱ्याच वर्षी पहिल्या बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं.

त्यानंतर साताठ महिन्यांनी बाईंनी डबा आवरायला घेतला आणि चिठ्ठीच्या मागचा बारीक मजकूर प्रथमच वाचला. व्याजातला कर सरसकट वरच्या दरानं कापतात. पण ज्याचं वर्षाचं एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेच्या आत आहे, त्यानं अर्ज केला तर तो परत मिळतो. बाईंचं उत्पन्न कधीच त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हतं. शाळेत आल्या तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "सगळ्या वर्षांचा हिशेब केला. कुसुमची फी भागून वर उरले असते." मी चिठ्ठी उलटून मागचा मजकूर वाचू लागले, तशा त्या म्हणाल्या, "माझेच पैसे होते. मागायचे असतात, एवढंच मला ठाऊक नव्हतं."

अर्ज करण्याची मुदत असते. जुनी वर्षं बुडाली, अलीकडचा कर तेवढा परत आला. त्या पैशांची त्यांनी पोस्टातली कॅश सर्टिफिकिटं घेतली, कारण त्यांच्या व्याजावर कर नव्हता. मग मात्र त्या बदलल्या. कुठल्याही घरी विधवा बाई भेटली की विचारपूस झाल्यावर हळूच म्हणत, "रोख्यांचं व्याज येतं का? चिठ्ठ्या दाखव बरं." लोक हसत. बाईंना त्याचं काही नव्हतं.

रेवाबाई अशाच भेटल्या. तापीकाठच्या गावातलं गुजर कुटुंब, कापसाची शेती. नवऱ्यानं भल्या वर्षांत रोखे घेऊन ठेवलेले. त्यांची शांता नातेवाइकांकडे राहून आमच्या शाळेत शिकायची. ट्रेनिंगला जायचं तिच्याही मनात होतं. आणि दीर म्हणत होता, पोरीला आता घरी आणा. बाईंनी अर्जाचं नाव काढताच रेवाबाई घाबरल्या.

"कागद धाडा तं सायेब घर येई, बाई. मन्ही जमीन शे. तिनावर बी कर लाई."

बाई शाळेत शुद्ध बोलत, पण अशा वेळी घरची अहिराणीच तोंडी येई. "शेतीवर हाऊ कर नही शे, रेवा. हाऊ व्याजवर शे. तुन्हंच शे ते मांगाले काय भ्यावानं?"

रेवाबाईंनी अंगठा उठवला. दोन महिने उत्तर नव्हतं. ट्रेनिंगचे पैसे भरायचा दिवस जवळ आला, दीर बैलगाडी घेऊन यायचा होता. त्याच आठवड्यात बाई रुमालात बांधलेले पैसे घेऊन रेवाबाईंकडे गेल्या. सरकारकडून आले, म्हणाल्या. शांता ट्रेनिंगला गेली. आज ती धानोऱ्याच्या शाळेत शिकवते.

बाई गेल्यावर त्यांची खोली आम्ही दोघींनीच, शांतानं आणि मी, आवरली. पत्र्याच्या पेटीत कुसुमचं प्रवेशाचं पत्र होतं. त्याखाली एक सरकारी लखोटा. पत्ता बाईंचा, आतलं नाव रेवाबाईंचं. शेवटच्या वर्षाची किरकोळ रक्कम मंजूर. मागच्या सर्व वर्षांचा अर्ज मुदतीबाहेर, सबब नामंजूर. लखोट्याला पोस्टातल्या पावत्या टाचलेल्या होत्या. बाईंनी आपली सगळी सर्टिफिकिटं शांताचे पैसे भरायच्या आठवड्यातच, मुदतीआधी मोडली होती. मग आठवलं... त्याच पावसाळ्यात त्यांचं छत गळत होतं, आणि कौलं का बदलत नाही, म्हणून मी त्यांना रागावले होते. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या होत्या.

शांतानं पत्र दोनदा वाचलं. मग तारखेवर बोट टेकवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "आईला सांगणार?"

तिनं मान हलवली. "नही, बाई. आई बाजारात कोणले सरकारवर वाईट बोलू देत नही. आज बी सांगस, सरकारनी मन्ही पोर शिकाडी."

बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि ते हसू पुरं व्हायच्या आत ती माझ्या खांद्यावर कोसळली. कुसुमचं पत्र तिनं मागून घेतलं. रेवाबाईंच्या नावाचा तो लखोटा माझ्या कपाटात आहे.