मेस बंद केल्यावर

शरफुन्निसाच्या नवऱ्याची, अलीची, नोकरी गेली तेव्हा त्यांची लेक लाइबा रांगत होती. त्याच आठवड्यात दापोलीकडचा यासीन, पलीकडच्या गल्लीत राहणारा प्लंबर, दारात येऊन शरफुन्निसाला म्हणाला, "भाभी, तुम्ही रांधा. माणसं मी आणतो."

आणि त्याने आणली. जेद्द्याच्या अल अझीझिया भागात एकटी राहणारी कोकणातली माणसं रोज तिच्या बैठकीत जेवू लागली. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. त्या जेवणावर तिचा संसार तरला.

पुढे अलीला बरी नोकरी मिळाली, लाइबा कॉलेजात गेली, तरी चूल काही थांबली नाही. शरफुन्निसाचं लग्नाआधी डी.एड. झालं होतं. शिकवायची हौस कुठे गेली ते तिलाच ठाऊक नव्हतं. हल्ली मात्र उकड मळताना तिच्या डोळ्यांना धार लागायची, आणि कांदाही चिरलेला नसायचा.

"अम्मी, तुम्हें अब ये अच्छा नहीं लगता," लाइबा एकदा म्हणाली. "स्टॉप इट ना."

जवळच्या भारतीय शाळेत बालवाडीला बाई हवी होती. शरफुन्निसाने अर्ज केला, आणि नेमणूक झाली तेव्हा तिला आनंदाआधी यासीन आठवला.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, शाळेत नोकरी लागली, आता मेस बंद. बाकीचे "मुबारक, भाभी" म्हणाले. यासीन हात धुऊन आला, "बरं केलंत," एवढंच बोलला, आणि चहा न घेता जिना उतरला.

वर्गातली पोरं तिला शरफू मिस म्हणत. कुणी तिच्या ओढणीला नाक पुसे, कुणी घराचं चित्र काढून दाखवी. दुपारी घसा बसलेला असायचा, पाय दुखायचे, तरी घरी येताना ती गुणगुणत यायची. अन् मग गल्लीच्या वळणावर मनात टोचायचं. ज्याने आपल्याला वर काढलं, त्याच्याच पुढचं ताट आपण ओढून घेतलं.

दोन महिन्यांनी अली घाईघाईने घरी आला. "यासीन कामावर चक्कर येऊन पडला. साखर वाढलीय. रोज हॉटेलात भात खात होता म्हणे."

दवाखान्यात यासीन भिंतीकडे तोंड करून पडला होता. शरफुन्निसाला पाहून उठायला लागला.

"पडून राहा," ती म्हणाली. "मी सोडते शाळा. उद्यापासून डबा चालू करते."

यासीन पुन्हा उशीवर टेकला. "खोटं कशाला बोलू, भाभी? राग आला होता मला. अजून आहे." त्याने चादर सारखी केली. "पण असं दडपणाने दिलेलं जेवण त्या रागाहून वाईट. माझ्या घशाखाली उतरणार नाही ते."

ती रडली. तिच्या मनाला तो नकार ऐकून हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं याची तिला अधिकच लाज वाटली.

"मग निदान रांधायला शिका तरी," ती शेवटी म्हणाली. "शुक्रवारी घरी या. अली असतील."

तो आला, सोबत खोलीतल्या दोघांना घेऊन. पहिल्या भाकरीचे तव्यावरच तुकडे झाले. अलीने पोट धरून हसून घेतलं. यासीन ओशाळला, मग चिडून दुसरी थापायला बसला. किती शुक्रवार गेले, कोण जाणे, पण एके दिवशी त्याची भाकरी टम्म फुगली आणि तो लहान पोरासारखा ओरडला, "भाभी, बघा!"

आता खोलीवर तो तिघांपुरतं रांधतो. कालवण अजून आंबट करतो. मधूनच डबा पाठवतो, आणि शरफुन्निसा शाळेतून आल्यावर तोच जेवते. त्याचं मन पुरतं निवळलंय का, हे तिने विचारलेलं नाही. कधी एखाद्या घासाला ती अडते. पण सकाळ झाली की तिची पावलं शाळेकडे भरभर पडतात, आणि ती त्यांना थांबवत नाही.