शिकलेला घोडा

आता हे सांगू की नको, असा विचार करता करता पंचवीस वर्षं गेली! आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. माझे सासरे मांडवाच्या खांबाला पाठ लावून, हात जोडून उभे आहेत. त्यांच्या छातीला एका घोड्याचा खांदा टेकलाय. आणि घोड्यावर फेटा बांधून, दात आवळून मी! बायको, म्हणजे सुनंदा, हा फोटो प्रत्येक पाहुण्याला दाखवते आणि मी तेवढ्यात चहा टाकायला आत पळतो. तुम्ही घरचेच, म्हणून आज मीच सांगतो. हसायचं ते शेवटी हसा.

माझं द्वारका चौकात गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. माल घेताना दहा वेळा उलटसुलट करून बघणारा माणूस मी. साधं बेअरिंगसुद्धा कानाशी धरून फिरवल्याशिवाय घेत नाही. मग स्वतःच्या लग्नातला घोडा असाच कसा घेईन?

त्याला कारणही होतं. थोरल्या भावाच्या लग्नात भाड्यानं आणलेली घोडी पहिल्याच फटाक्याला उधळली आणि दादाला घेऊन थेट टोमॅटोच्या वावरात घुसली. लग्न लागताना दादाच्या अंगावर अक्षतांपेक्षा टोमॅटोच जास्त होते. तेव्हाच मी ठरवलं, आपला घोडा आपण निवडायचा. वयस्कर, शांत आणि शिकलेला.

गंगापूर रोडला आमच्या ओळखीचे जनावरांचे डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडे असा एक घोडा होता. तांगा बंद केल्यावर मालकानं त्याला रस्त्यावर सोडून दिलेलं, पायाला ही एवढी जखम. डॉक्टरांनी त्याला घरामागच्या प्लॉटवर आणून बरा केला. पांढरा, उंच, भारदस्त. त्याच्याशी एकेरीत बोलायची कुणाची छाती होत नसे, म्हणून नावच पडलं रावसाहेब.

"डॉक्टर, बँडला घाबरतो का?" मी विचारलं.

"छे!"

"फटाक्यांना?"

"कान हलवत नाही."

"गर्दीला?"

डॉक्टर हसले. "गर्दीत तर तो खुलतो! फार शिकलेला घोडा आहे, शरद."

मी तेवढ्यावर ऐकतो होय? त्याचे दात बघितले. दातांतलं मला काही कळत नाही, पण बघितले. चारही गुडघे चाचपले. एक फटाक्यांची माळ त्याच्या मागे लावली. माळ संपली, धूर विरला, रावसाहेब आपले गवत खातायत. मानेवर एक नंबर डागलेला दिसला. मला वाटलं, वा, पार्ट नंबरसुद्धा आहे! म्हणजे कंपनीचा माल!

मग आठ रविवार सकाळी मी त्या प्लॉटवर घोड्यावर बसलो. म्हणजे डॉक्टर लगाम धरून चालायचे आणि मी वर बसून गोल फिरायचो. पण दुकानात येऊन काय सांगितलं? "रायडिंग शिकतोय." सासरी काय सांगितलं? "लगाम धरायला माणूस ठेवू नका. मी स्वतः चालवणार."

लग्न वणीजवळच्या खेड्यात, मुलीच्या दारात मांडव. रावसाहेब टेम्पोतून आले, सोबत डॉक्टर. मारुतीच्या देवळापर्यंत डॉक्टर शेजारून चालत होते, तेव्हा मी काय रुबाबात बसलो होतो म्हणून सांगू! देवळातून परत घोड्यावर चढलो, आणि एक शेतकरी धावत आला.

"डॉक्टरसायब, गाय अडलीय हो! लय वेळ झाला. येता का?"

जनावरांचा डॉक्टर खेड्यात आल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर बाह्या सरसावत गोठ्याकडे निघाले. जाताना म्हणाले, "तू निवांत बस. त्याला सगळं कळतं."

मांडव दिसला. दारात बायका ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या. त्यांच्यामागे मुलीकडची दोनशे माणसं, सगळ्यांची नजर माझ्यावर. बँडवाल्यांना तर कुणी सांगितलं होतं कोण जाणे, एकदम चेकाळले. मी पाय आवळून घट्ट बसलो.

आणि रावसाहेब आडवे झाले! तोंड उजवीकडे, शेपूट डावीकडे, बाजू ताटांकडे. मग अगदी सभ्यपणे, एक एक पाऊल टाकत ते बाजूनंच पुढे सरकायला लागले. बायका मागे सरकल्या. घोडा पुढे आला. बायका आणखी मागे. निरांजनं विझली. कुणाला धक्का नाही, कुणाच्या पायावर पाय नाही, पण दोनशे माणसं मागे मागे चाललीत!

मी लगाम ओढला. पाय आणखी आवळले. घोडा आणखी जोरात सरकला.

सासरे, म्हणजे तात्या, हात जोडून पुढे आले. "या, या, जावईबापू..." रावसाहेबांनी त्यांच्या छातीला हळूच खांदा लावला आणि त्यांना खांबापर्यंत पोचवून दिलं.

बँड थांबला. तुम्हीच सांगा, नवरदेव दारात येतो, ओवाळून घेत नाही, सासऱ्याला मागे ढकलतो, वर चेहरा दगडासारखा. गावानं काय समजावं?

सुनंदाचे मामा, मिशा पिळलेला माणूस, पुढे आले आणि तात्यांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "नवरदेव रुसलेत."

"रुसले?" तात्यांचा चेहरा उतरला. "आमचं काय चुकलं का? सांगा ना, काय पायजे?"

आता मी तिथं "मला घोडा आवरत नाही" एवढं म्हणालो असतो, तर किस्सा इथंच संपला असता. पण दोन महिने रायडिंग रायडिंग करून मिरवलेलो ना मी! मी मान ताठ करून म्हणालो, "काही नाही."

आणि तुम्हाला ठाऊक आहे, घोड्यावरचा नवरदेव "काही नाही" म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो.

"आपण दिलेलं घड्याळ बारीक वाटलं असंल," मामा म्हणाले.

"दुसरं घेऊ! आंगठी बी घालू," तात्या म्हणाले.

"नको हो, काही नको!" मी ओरडलो. पाय आवळलेलेच, घोडा पुढे सरकत होता.

"आंगठीवर भागंना," मामा म्हणाले. "स्कूटर म्हणत असतील."

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "स्कूटर देतो," ते म्हणाले, "द्राक्षं निघाल्यावर देतो. पण आता उतरा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाची मुलगी मला हवी होती, तो माणूस माझ्यामुळे टोपी काढून उभा, आणि मी वर बसून काय करतोय तेच मला कळत नव्हतं!

तेवढ्यात मागून आमचे अण्णा, म्हणजे वडील, येऊन पोचले. त्यांना पुढचं काहीच ठाऊक नाही. त्यांनी एवढंच पाहिलं, की मुलगा दारात आणि मुलीकडचे ताटं घेऊन मागे चाललेत.

"ओवाळायला आलेलं ताट मागे नेता?" अण्णा कडाडले. "ही काय रीत झाली?"

"रीत आमाला सांगता?" मामा. "तुमचं पोरगं आमच्यावर घोडं घालतंय, ते दिसंना का?"

"शरद! फिरव घोडा! नाही करायचं हे लग्न!"

भटजी आतून ओरडत होते, मुहूर्ताला दहा मिनिटं राहिली म्हणून. मी घाबरून लगाम दुसऱ्या बाजूला ओढला. रावसाहेब वळले आणि आता आमचं वऱ्हाड मागे सारायला लागले! अण्णा मागे, आत्या मागे, बँडवाला त्याच्या ढोलासकट मागे. क्षणात मधोमध दहा फुटांची मोकळी वाट तयार झाली. एका बाजूला ते, एका बाजूला आम्ही, आणि मधून रावसाहेब शांतपणे येरझारा घालतायत. दोन्हीकडून शिव्यांना सुरुवात झालेली.

लग्न मोडलं, मला वाटलं. खरंच वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात लगामावरून काढायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात मांडवातून सुनंदा बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेली नवरी मुहूर्ताआधी अशी बाहेर? सगळे तिच्याकडे वळले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघितलं. लहानपणापासून बैल, वासरं सांभाळलेली मुलगी ती.

"मामा," ती म्हणाली, "ते रुसले नाय. ते भ्यालेत."

त्यांची दोनशे, आमची दीडशे, साडेतीनशे माणसं माझ्या पायांकडे बघायला लागली.

"खरं का, जावईबापू?" मामांनी विचारलं.

आता बघा हं माझी पंचाईत. रुसलोय म्हटलं तर इज्जत राहते, स्कूटर मिळते आणि बायको जाते. भ्यालोय म्हटलं तर...

"लय भ्यालोय!" मी ओरडलो. माझ्या तोंडून 'लय' कुठून आलं देव जाणे. "उतरवा मला!"

आधी मामा हसले, मग तात्या, मग अण्णा. साडेतीनशे माणसं पोट धरून हसत होती, आणि कोपरापर्यंत ओले हात घेऊन डॉक्टर धावत आले.

"गायीला गोऱ्हा झाला!" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "अरे, पाय सैल सोड! टाचा का रुतवतोयस त्याला?"

मी पाय सोडले. रावसाहेब जागच्या जागी थांबले.

"डॉक्टर, हा असा काय वागतो?"

"कसा? टाच लावली की आडवं होऊन गर्दी मागं सारायची. बारा वर्षं पोलिसांत तेच केलंय त्यानं. तांगा नंतरचा. मानेवरचा नंबर नाही बघितलास?"

"मला का नाही सांगितलं?"

"तू दात बघितलेस, गुडघे बघितलेस, माळ लावलीस," डॉक्टर म्हणाले. "काय शिकलाय, ते विचारलंस कुठं?"

दोघा-तिघांनी मिळून मला खाली उतरवलं. मुहूर्ताला पाच मिनिटं होती. सासूबाईंनी निरांजन पुन्हा पेटवलं आणि ताट घेऊन पुढे आल्या. मी फेटा सारखा केला, मान खाली घातली.

सासूबाई माझ्या बाजूनं पुढे गेल्या आणि रावसाहेबांना कुंकू लावून ओवाळायला लागल्या.

"आई, नवरदेव इकडं!" सुनंदा म्हणाली.

"दिसले गं मला," सासूबाई म्हणाल्या. "पण शिकलेल्याचा मान आधी. यांचं बघू नंतर."